बढतीचे पत्र हाती आल्यावर

बढतीचे पत्र आले की पेढे वाटावेत, औंढ्याला जाऊन नागनाथापुढे नारळ ठेवावा, ही आपल्याकडची रीत. तीत वावगे काही नाही. पण दोन वर्षांपूर्वी, गाळप संपून कारखान्यांत दुरुस्तीची कामे सुरू झाली होती त्या सुमारास, आमच्या शेजारचा एक तरुण असे पत्र घेऊन रात्री आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पेढ्यांचे चिन्ह काही दिसेना. तरुण आपला म्हणावयाचा. साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये वीस वर्षे फिटर म्हणून राबलेला, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. कारखाना कोणता, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. पत्रात त्याला पाळीप्रमुख नेमल्याचे लिहिले होते.

"काका," तो म्हणाला, "हे घ्यावं का नाही, तेवढं सांगा. घरात सगळे म्हणतात घे. युनियनचे लोक म्हणतात, गेलास तू आता पलीकडं."

'पलीकडं' हा त्याचा शब्द आमच्या मनात राहिला. कारखान्याच्या आवारात अशी काही रेघ आखलेली नसते. तोच ऊस, तीच मोळी, तोच भोंगा. तरीही रेघ आहे, आणि ती कायद्याने ओढलेली आहे. आपल्या जिल्ह्यात मोठे कारखाने थोडे. पण साखर कारखाने आहेत, एसटीचे आगार आहेत, बँका आहेत, आणि आपली निम्मी पोरे वाळूजला नाहीतर चाकणला यंत्रांवर उभी आहेत. यांपैकी कोणाच्याही घरी असे पत्र आज ना उद्या यावयाचेच. म्हणून त्या रात्री आम्ही त्याच्यापुढे जो हिशेब मांडला तोच येथे थोडा विस्ताराने मांडतो.

'कामगार' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कायदा तो सैलपणे वापरीत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराची व्याख्या केली, आणि १९५६ च्या दुरुस्तीने तीत देखरेखीचे काम करणाऱ्यालाही जागा दिली; मात्र अट अशी की त्याचा पगार महिना ५०० रुपयांवर नसावा. पैशाची किंमत उतरत गेली तशी ही मर्यादा वाढत गेली. १९८२ च्या दुरुस्तीने ती १,६०० केली आणि ती १९८४ पासून अंमलात आली. २०१० मध्ये ती १०,००० झाली. आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, ती १८,००० वर नेली. साखरधंद्याला आपल्या राज्यात १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लावण्यात आला होता. त्याची शब्दरचना थोडी निराळी, पण तत्त्व हेच.

येथे पुष्कळांचा एक घोटाळा होतो, तो आधी सोडविला पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी, की पगार १८,००० च्या वर गेला म्हणजे माणूस कामगार राहत नाही. हे खरे नव्हे. फिटर, वेल्डर, पॅनमन, कारकून, यंत्रचालक यांना पगाराची मर्यादाच नाही. हाताचे, कसबाचे, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा मनुष्य महिना चाळीस हजार मिळवीत असला तरी तो कामगारच. मर्यादा आहे ती फक्त देखरेख करणाऱ्याला. आणि ज्याचे मुख्य काम व्यवस्थापनाचे किंवा प्रशासनाचे आहे त्याला तर कोणत्याही पगारावर कामगार म्हणत नाहीत. म्हणजे आमच्या फिटरने पाना हातात धरला आहे तोवर तो आत. पाना ठेवून दुसऱ्याच्या हातातल्या पान्यावर नजर ठेवू लागला की त्याच पगारावर तो बाहेर.

मग नुसत्या हुद्द्याच्या नावाने हे ठरते काय? नाही. 'आनंद बझार पत्रिका' या वृत्तपत्रसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. एक कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीच्या विभागाचा प्रमुख म्हणून बसत होता. हाताखाली थोडे कारकून होते. पण तो स्वतः दिवसभर करीत होता ते काम मुख्यतः कारकुनीच होते, आणि म्हणून न्यायालयाने त्याला कामगार मानले. दारावरची पाटी काय म्हणते याला महत्त्व नाही. दिवसाचे आठ तास हात आणि डोके कोठे खर्च होतात याला आहे. रजा मंजूर कोण करतो, कामाची वाटणी कोण करतो, दोषाचा अहवाल कोणाच्या सहीने जातो, हे पाहावयाचे. म्हणून आम्ही त्याला पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हे. आम्ही विचारले, "यात तुझी कामे कोणती, ते लिहिले आहे का?" लिहिलेले नव्हते. 'वेळोवेळी वरिष्ठ सांगतील ती' एवढेच होते.

आता रेघ ओलांडल्यावर मागे काय राहते, ते पाहू. कामगाराला कमी करावयाचे तर महिन्याची नोटीस द्यावी लागते किंवा तिचा पगार, आणि शिवाय नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. त्याला अन्यायाने काढले तर त्याचा वाद कामगार न्यायालयात जातो, आणि ते न्यायालय त्याला मागील पगारासह पुन्हा कामावर घ्यावयास लावू शकते. हे 'पुन्हा कामावर' फार मोलाचे आहे. कामगार नसलेल्या अधिकाऱ्याचा आधार म्हणजे त्याचे नेमणूकपत्र. त्याला काढले तर तो करारभंगाची नुकसानभरपाई मागू शकतो. पण खाजगी मालकावर नको असलेला नोकर न्यायालय सहसा लादीत नाही. चाळिशीतल्या माणसाला भरपाईचे चार पैसे आणि परत मिळालेली नोकरी यांत किती अंतर आहे, हे सांगावयास नको.

सहकारी कारखान्यात आणखी एक गोष्ट घडते. तेथे मालक म्हणजे निवडून आलेले संचालक मंडळ. पाच वर्षांनी निवडणूक होते, पॅनेल बदलते, आणि मागच्या मंडळाने वर आणलेला माणूस नव्या मंडळाला 'त्यांचा' वाटू लागतो. फिटर कोणाचाच नसतो. तो यंत्राचा असतो. पाळीप्रमुख मात्र, त्याची इच्छा असो वा नसो, कोणाचा तरी धरला जातो. हे आम्ही कोणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. सहकारात निवडणूक असणारच. पण ज्याने पत्र घ्यावयाचे आहे त्याने तिची तारीख लक्षात ठेवावी हे बरे.

आता पैशाचा हिशेब. त्या रात्री आमच्या शेजाऱ्याच्या पत्नीही आल्या होत्या, आणि आकडे त्यांनीच भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे मांडले. त्यांचे खरे आकडे येथे देणे योग्य नव्हे. समजुतीसाठी आम्ही सोपे आकडे घेतो. समजा, फिटरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना २०,८०० रुपये आहे. सव्वीस दिवसांनी भागले म्हणजे दिवसाचे ८०० आणि आठ तासांनी भागले म्हणजे तासाचे १००. जादा कामाला १९४८ च्या कारखाने कायद्यापासून दुप्पट दर आहे आणि नव्या संहितेनेही तो दुप्पटच ठेवला आहे. म्हणजे तासाला २०० रुपये. हंगामात महिन्याला सोळा तास जादा काम पडले तर ३,२०० रुपये झाले. हाती आले एकूण २४,०००. आता पाळीप्रमुखाचा पगार समजा २३,५०० आहे. पत्रावर २,७०० रुपयांची वाढ दिसते. परंतु देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या जागांना कामाच्या तासांचे नियम लागू नसत, त्यामुळे जादा कामाचा दुप्पट दरही हक्काने मागता येत नसे. नेमणूकपत्रात असेल तेवढेच. म्हणजे हंगामाच्या महिन्यात बढती मिळालेला मनुष्य ५०० रुपयांनी खाली आला, आणि जागरण मात्र वाढले. कारण मिल बंद पडली तर रात्री दोन वाजता फोन आता त्यालाच यावयाचा.

बोनसचेही असेच. १९६५ च्या बोनस कायद्याची मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीने महिना २१,००० रुपये केली होती; नव्या वेतन संहितेने ती ठरविण्याचे काम सरकारकडे सोपविले आहे. २०,८०० वाला मनुष्य त्या २१,००० च्या आत होता, २३,५०० वाला बाहेर. कित्येक कारखाने दिवाळीला सर्वांनाच काही ना काही देतात; पण हक्क म्हणून मिळणे निराळे आणि सानुग्रह म्हणून मिळणे निराळे.

एवढ्यावर कोणी म्हणेल, मग हे पत्र परतच करावे. तसे नाही. त्याच दिनदर्शिकेच्या पाठीमागे दुसरीही बेरीज झाली. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा कामगाराला आणि अधिकाऱ्याला सारखाच लागू झाला. त्यातील पगाराची मर्यादा पुढे काढून टाकण्यात आली. तिचे गणित असे, की शेवटच्या पगाराला पंधराने गुणावयाचे, सव्वीसने भागावयाचे, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे. २०,८०० वर वर्षाचे १२,००० येतात. वीस वर्षांचे २,४०,०००. पगार २३,५०० झाला की त्याच वीस वर्षांचे सुमारे २,७१,००० होतात. पगार वाढला आज, पण तो मागच्या वीसही वर्षांना लागू पडला. शिवाय बंद हंगामात जादा काम थोडे, तेव्हा त्या महिन्यांत नव्या पगाराचे २,७०० बहुतेक निव्वळ नफाच. आणि पन्नाशीनंतर गुडघे दुखू लागल्यावर मिलच्या रोलरखाली वाकून काम करणे किती वर्षे जमेल, हा आकडा कोणत्याच कायद्यात नाही. तो प्रत्येकाने आपला काढावयाचा.

पैशाचे झाले. परंतु त्याच्या चेहऱ्यावरची काळजी पैशाची नव्हतीच. तो पुढे म्हणाला, "काका, पोळ्याच्या दिवशी पाच जण रजा मागतील. पाचही माझे. मी दोघांना देऊ शकतो. उरलेल्या तिघांना काय सांगू?"

हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत जॉबर म्हणून एक इसम असे. तोही मागावरून वर आलेला. तो गावाकडून माणसे आणी, त्यांना काम शिकवी, रजा देई, अडीनडीला पैसे देई किंवा जामीन राही. आणि त्याबदली दस्तुरीही घेई. कामगाराला तो बाप वाटे आणि सावकारही वाटे. मालकाला तो हवा असे, कारण मजूर त्याच्या मुठीत. आणि भीतीही त्याचीच असे, कारण संपाच्या दिवशी तो कोणत्या बाजूला उभा राहील हे सांगता येत नसे. १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि मजूर भरतीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमावेत असे सुचविले.

आपल्याकडे इतके लांब जावयास नको. ऊसतोडीचा मुकादम पाहा. तोही बहुधा कधीकाळी कोयता हातात घेतलेलाच असतो. कारखान्याकडून उचल घेतो, ती कोयत्यांना वाटतो. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. टोळी फडात टिकली तर कमिशन याचे. टोळी अर्ध्यातून निघून गेली तर उचल फेडण्याचा तगादा याच्याच दारात. मधला माणूस दोन्हीकडून दाबला जातो आणि दोन्हीकडून संशयिला जातो. आमच्या शेजाऱ्याची भीती ती हीच. फरक एवढाच की पाळीप्रमुखाला दस्तुरी नाही आणि कमिशनही नाही. दाब मात्र तोच.

याच मधल्या जागेवरून वेगळी वाट काढलेलाही एक मनुष्य आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या कापडगिरणीत मागावर नव्हते, स्टोअरकीपर होते. म्हणजे मालकाच्या विश्वासातली जागा. तेथे बसून त्यांनी गिरणीतल्या माणसांचे हाल पाहिले, पुढे 'दीनबंधू' पत्र चालविले, आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांची संघटना उभी केली. १८९० च्या जूनमध्ये गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली तिच्यामागे त्यांची खटपट होती. मात्र हेही ध्यानात ठेवावे, की आधी त्यांनी ती नोकरी सोडली होती. भांडारात बसून हे सर्व झाले असते काय, याची आम्हांला शंका आहे.

परदेशातही ही गाठ सुटलेली नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतील फोरमन मंडळींनी १९४१ मध्ये स्वतःची निराळी संघटना काढली. म्हणणे असे, की आम्ही मालक नव्हे, आणि कामगारांच्या युनियनमध्ये आम्हांला जागा नाही, तर आमचे गाऱ्हाणे कोणी ऐकावयाचे? १९४७ च्या मार्चमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पॅकार्ड कंपनीच्या प्रकरणात त्यांचा संघटनेचा हक्क मान्य केला. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये टॅफ्ट-हार्टले कायद्याने तो हक्क काढून घेतला. तीन महिन्यांचे सुख. आपल्याकडे बँकांत मात्र कारकुनांच्या संघटना निराळ्या आणि अधिकाऱ्यांच्याही संघटना उभ्या राहिल्या. तरीसुद्धा येथल्या शाखांत बढतीची परीक्षाच न देणारे किंवा आलेली बढती नाकारणारे कारकून दिसतात. कारण अधिकारी झाले की बदली, आणि बदली म्हणजे मुलांची शाळा, म्हातारी आई, घराचे हप्ते. त्यांना कोणी कमी महत्त्वाकांक्षी म्हणते, ते आम्हांला पटत नाही. त्यांनी हिशेब केलेला असतो.

पत्र का आले, हाही एक प्रश्न विचारावाच. बहुतेक वेळा उत्तर सरळ असते: मनुष्य कामात हुशार आहे, जुना पाळीप्रमुख निवृत्त झाला आहे. पण कधी कधी युनियनचा धडाडीचा कार्यकर्ता अचानक 'योग्य' ठरतो. कायदा करणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक होती. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी अनुचित ठरविल्या आहेत: संघटनेच्या कामामुळे एखाद्याची बढती अडविणे, आणि फूट पाडण्यासाठी किंवा संघटना दुबळी करण्यासाठी पात्रता नसलेल्याला बढती देणे. आमचा शेजारी युनियनचा नुसता सभासद होता, पदाधिकारी नव्हता, आणि मिलच्या आवाजावरून कोणते बेअरिंग गरम होत आहे हे सांगणारा होता. तेव्हा येथे संशयाला जागा नव्हती.

उलट त्याने ते घ्यावे, असे आम्हांला वाटावयास एक कारण होते, आणि ते त्याच्याच तोंडून निघाले. मागे एकदा चालू कॅरियरवर अडकलेली मोळी काढावयास एका हेल्परला पाठविले होते. यंत्र थांबवा म्हणावयाचा अधिकार कोणा फिटरला नव्हता. हेल्पर वाचला, पण थोडक्यात. पाळीप्रमुख यंत्र थांबवू शकतो. गाळपाचे आकडे खाली येतील, वरून विचारणा होईल, तिला त्याने तोंड द्यावयाचे. पण थांबवू शकतो. ज्याने स्वतः तेथे हात घातला आहे असा मनुष्य त्या जागेवर असणे आणि नुसता कागद पाहिलेला असणे, यांत फरक आहे. रजेचेही तसेच. पोळ्याला तिघांना नाही म्हणावे लागेल हे खरे. पण यंदा ज्यांना मिळाली त्यांना पुढल्या वर्षी नाही, अशी वही ठेवता येते आणि ती सर्वांना दाखविता येते. आजवर ती वही कोणी ठेवली नव्हती.

आम्ही त्याला घे किंवा नको असे सांगितले नाही. उत्तर लिहावयास मात्र बसविले. तीन मागण्या लिहिल्या. पहिली, कामांची यादी नेमणूकपत्रास जोडावी. दुसरी, मागील वीस वर्षांची नोकरी अखंड धरली जाईल असे स्पष्ट लिहावे. हे न मागताही मिळावयास हवे, परंतु लिहिलेले बरे. तिसरी, दोन हंगामांपर्यंत फिटरच्या मूळ जागेवरचा त्याचा हक्क राखून ठेवावा, म्हणजे जमले नाही तर त्याला त्याच पगारश्रेणीत, ज्येष्ठता न गमावता परत जाता येईल. तिसऱ्या मागणीवर घरात वाद झाला. आधीच परत जावयाचे म्हटले तर साहेब काय म्हणतील, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे. आमचे मत असे, की परतीची वाट लिहून घेणाऱ्याला घाबरट म्हणणारा साहेब पुढेही त्रासदायकच निघावयाचा.

कारखान्याने दुसरी आणि तिसरी मागणी मान्य केली. कामांची यादी काही मिळाली नाही. तेव्हा त्याने पहिल्या दिवसापासून स्वतःच डायरीत रोजची कामे टिपून ठेवावीत असे आम्ही सुचविले. उद्या वाद उभा राहिलाच तर तो काय काम करीत होता याचा तोच पुरावा.

मोळी पडली आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या जुन्या जोडीदाराने न कळविता पाळी चुकविली. अहवाल लिहावा लागला. तो लिहून झाल्यावर संध्याकाळी तो जोडीदाराच्या घरी गेला. वहिनींनी चहा दिला, जोडीदार बाहेर आला नाही. पुढे काही आठवडे दोघांत कामापुरतेच बोलणे होते. नंतर बोलणे सुरू झाले, पण पूर्वीसारखे झाले नाही, असे तो सांगतो.

आता दोन हंगाम झाले. मूळ जागेवर परत जावयाचे असेल तर या महिन्याच्या अखेरपर्यंत अर्ज द्यावयाचा होता. त्याने तो दिलेला नाही. परवा मात्र रात्री जेवण झाल्यावर दोघे नवराबायको येऊन बसली, आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब, आता बावीस वर्षे धरून, आमच्याकडून पुन्हा एकदा करून घेऊन गेली.